पुढे पाठवण्यापूर्वी: घरच्या गटातील संदेश कसा तपासावा आणि तो चुकीचा निघाल्यास आपल्या माणसांना कसे सांगावे

घरच्या, सोसायटीच्या किंवा जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात राजकारण, आरोग्य, सरकारी योजना, नवे तंत्रज्ञान आणि नट-नट्यांच्या बातम्या एकामागोमाग येतात, आणि वाचणारा त्या सगळ्या एकाच विश्वासाने वाचतो, कारण पाठवणारे माणूस ओळखीचे असते. मामांनी पाठवले म्हणजे मामांनी पाहिले असेल असे आपण धरून चालतो, आणि मामांनीही त्यांच्या मित्राबद्दल तेच धरलेले असते. ही साखळी आपल्यापाशी थांबवून संदेशाची पारख करायची असेल, तर त्यासाठी पत्रकारितेचे किंवा संगणकाचे शिक्षण लागत नाही. साधा स्मार्टफोन, थोडा वेळ आणि आपल्याला आवडलेल्या संदेशावरही शंका घेण्याची तयारी एवढे पुरते.

यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. ज्या पक्षावर, नेत्यावर किंवा समाजावर आपला राग आहे त्याच्या बाजूने आलेला संदेश आपण लगेच तपासतो. आपल्या मनासारखा संदेश मात्र ‘हे तर मी आधीपासूनच म्हणत होतो’ अशा समाधानाने पुढे जातो. माझे स्पष्ट मत असे आहे की, जो माणूस केवळ समोरच्या बाजूचे संदेश तपासतो तो पारख करत नसतो, तर प्रचार करत असतो, आणि घरातली माणसे हे फार लवकर ओळखतात. म्हणून ही सवय लावून घेताना सुरुवात स्वतःच्या बाजूच्या संदेशांपासून करावी. ज्या संदेशाने आनंद झाला, अभिमान वाटला किंवा संताप आला, तोच संदेश सर्वांत आधी तपासायला घ्यावा.

मत कोणते आणि दावा कोणता

संदेश उघडल्यावर त्यातील वाक्ये दोन भागांत वाटून घ्यावीत. काय असावे, काय चांगले, काय अन्यायाचे हे सांगणारे वाक्य म्हणजे मत. काय घडले, कायद्यात काय लिहिले आहे, कोण काय बोलले हे सांगणारे वाक्य म्हणजे दावा. दावा तपासता येतो. मत तपासता येत नाही, त्यावर फक्त चर्चा करता येते. बहुतेक कौटुंबिक भांडणे ही या दोहोंची गल्लत झाल्यामुळे पेटतात, कारण एकजण दाव्याला उत्तर देतो आणि दुसऱ्याला वाटते की आपले मतच खोडून काढले जात आहे.

पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा वाद हे याचे चांगले उदाहरण आहे. राज्य शासनाने १६ एप्रिल २०२५ रोजी मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा निर्णय काढला. १७ जून रोजी सुधारित निर्णयाने त्यातली सक्ती काढून अन्य भारतीय भाषेचा पर्याय दिला, मात्र त्यासाठी वर्गात किमान २० विद्यार्थ्यांची अट घातली. आणि मोठ्या विरोधानंतर २९ जून रोजी दोन्ही निर्णय रद्द करण्याची घोषणा झाली. या काळात गटागटांत जे लिहिले गेले त्यात ‘एवढ्या लहान मुलांवर तिसरी भाषा लादू नये’ हे मत होते आणि ‘हिंदी लवकर आली तर मुलांना पुढे उपयोग होईल’ हेही मतच होते. पण ‘हिंदी ही राष्ट्रभाषा आहे, म्हणून ती शिकावीच लागेल’ हा दावा होता आणि तो चुकीचा आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४३ नुसार देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे, म्हणजे केंद्राच्या कामकाजाची भाषा आहे. कोणत्याही भाषेला राष्ट्रभाषा म्हणणारी तरतूद संविधानात नाही, आणि आठव्या अनुसूचीत मराठी व कोकणीसह २२ भाषा आहेत.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. हा दावा खोडून निघाल्याने मूळ वाद मिटत नाही. हिंदी लवकर शिकवावी असे मानणारा माणूस ही दुरुस्ती स्वीकारूनही आपल्या मतावर राहू शकतो, आणि त्याला तसे राहू द्यावे. आपले काम चुकीची वीट काढण्याचे आहे, समोरच्याचे घर पाडण्याचे नाही. ही मर्यादा पाळली तर घरातील ज्येष्ठही दुरुस्ती मनावर घेतात.

मतदान यंत्रांविषयीच्या संदेशांनाही हीच रीत लावावी. ‘माझा या यंत्रांवर विश्वास नाही’ ही भावना आहे आणि लोकशाहीत ती बाळगण्याचा अधिकार नागरिकाला आहे. माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी २०२४ च्या विधानसभा निकालानंतर, डिसेंबरमध्ये, स्वतः मतपत्रिकांवर मतदान घेऊन पाहण्याचा प्रयत्न केला आणि प्रशासनाने तो होऊ दिला नाही, तेव्हा त्यामागे हीच भावना होती. परंतु ‘मोबाइलवरून ब्लूटूथने यंत्रातली मते बदलता येतात’ हा दावा आहे, आणि तो करणाऱ्याकडे पुरावा मागावा लागतो, कारण यंत्राला कोणत्याही प्रकारची बिनतारी जोडणी नसते असे निवडणूक आयोगाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. दाव्याची नीट तपासणी केली की अविश्वास बाळगणाऱ्याच्या हातीही काहीतरी ठोस लागते. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्व व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत कोणाला गेले हे मतदाराला दाखवणाऱ्या छापील चिठ्ठ्या) मोजण्याची मागणी फेटाळली, पण त्याच निकालात दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकावरील उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत लेखी मागणी करून आणि खर्च भरून पाच टक्के यंत्रांतील मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या चिपची, पडताळणी करून घेण्याची वाट खुली केली. ‘न्यायालयाने यंत्रांना क्लीन चिट दिली’ आणि ‘न्यायालयाने लोकांचे ऐकलेच नाही’ हे दोन्ही संदेश त्या निकालाचा निम्मा भाग गाळतात.

मूळ कागदापर्यंत जाणे

दावा वेगळा काढल्यावर तो कोणाच्या अधिकारातला आहे हे ठरवावे आणि थेट तेथे जावे. बातमी, बातमीचे छायाचित्र आणि त्या छायाचित्रावर कोणीतरी केलेली टीप यांपैकी काहीही मूळ नव्हे.

महाराष्ट्र शासनाचा निर्णय असल्याचे सांगितले जात असेल, तर तपासणी सोपी आहे. प्रत्येक शासन निर्णयाच्या वर विभागाचे नाव, क्रमांक व दिनांक असतो, आणि शेवटी तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे नमूद करून त्याचा संकेतांक दिलेला असतो. संकेतस्थळावरील शासन निर्णयांच्या विभागात हा संकेतांक किंवा तारीख टाकून शोधावे. ज्या ‘पत्रा’च्या छायाचित्रात क्रमांक कापलेला आहे, तारीख पुसट आहे किंवा विभागाचे नावच नाही, ते सापडेपर्यंत खोटे समजून चालण्यात काहीही नुकसान नाही.

मात्र कागद सापडला म्हणजे काम संपले असे नाही. वर सांगितलेला १६ एप्रिलचा निर्णय अस्सल होता, पण आज कोणी तो ‘आत्ताच आलेला आदेश’ म्हणून पाठवला तर तो संदेश दिशाभूल करणारा ठरेल. खरा पण शिळा कागद हा बनावट कागदापेक्षा अधिक फसवा असतो, कारण तपासणारा ‘खरा आहे’ एवढे पाहून थांबतो. शाळांच्या सुट्ट्या, पावसाचा इशारा आणि परीक्षांच्या तारखा यांच्या बाबतीत हे दर वर्षी घडते, म्हणून तारखेतला दिवस-महिना पाहून न थांबता वर्षही पाहावे.

पैशांविषयीच्या संदेशांसाठी मूळ ठिकाण म्हणजे रिझर्व्ह बँक. दहा रुपयांचे नाणे बंद झाले ही अफवा इतकी मुरली आहे की, अनेक ठिकाणी दुकानदार ते नाणे आजही नाकारतात. रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ च्या पत्रकात तोपर्यंत काढलेल्या १४ निरनिराळ्या नक्षींची दहा रुपयांची सर्व नाणी वैध असल्याचे सांगितले आहे. रुपयाचे चिन्ह असलेली आणि नसलेली नाणी एकाच वेळी चलनात असल्यामुळे लोकांना त्यांतली काही खोटी वाटली. हे पत्रक फोनमध्ये जतन करून ठेवावे आणि दुकानदाराला शांतपणे दाखवावे. येथे वादापेक्षा कागद अधिक काम करतो.

‘मी टीव्हीवर पाहिले’ हे उत्तर आले तर २०१६ चा नोव्हेंबर आठवावा. नोटाबंदीनंतर आलेल्या दोन हजारांच्या नोटेत उपग्रहाला सापडणारी चिप आहे, अशी बातमी तेव्हा काही वृत्तवाहिन्यांनीही रंगवून दाखवली होती. अशी कोणतीही चिप त्या नोटेत नव्हती. कागदाच्या नोटेत वीजपुरवठ्यावाचून उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसणार कसे, एवढा एक प्रश्न त्या रात्री कोणी विचारला असता तरी पुरे होते.

असा साधा प्रश्न विचारण्याची सवय तंत्रज्ञानाच्या संदेशांसाठी फार उपयोगी पडते. ‘तीन निळ्या खुणा दिसल्या म्हणजे सरकारने तुमचा संदेश वाचला’ हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश गेला की एक खूण, पोहोचला की दोन आणि वाचल्याची नोंद झाली की त्याच दोन निळ्या, यापलीकडे तिसरी खूण अस्तित्वातच नाही. शिवाय एप्रिल २०१६ पासून तेथील संदेश दोन टोकांच्या फोनखेरीज कोणालाही वाचता येऊ नयेत अशा रीतीने कुलूपबंद जातात. गटात चुकीचे काही आले की ॲडमिनला थेट अटक होते, हेही तसेच अर्धवट आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दाखवता येत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असे म्हटले आहे.

योजनांचे दुवे हा वेगळा आणि अधिक धोक्याचा प्रकार आहे, कारण तेथे चुकीच्या समजुतीसोबत पैसाही जातो. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसारखी दरमहा १५०० रुपये देणारी योजना आली की तिच्या नावाने दुवे फिरू लागतात. दुव्यातील पत्ता वाचताना सुरुवातीचा ‘एचटीटीपीएस’ आणि त्याला लागून असलेल्या दोन तिरक्या रेषा सोडून द्याव्यात आणि त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेषेच्या लगेच आधी काय आहे ते पाहावे. तेथे ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असेल तर तो सरकारी पत्ता आहे. मधे कितीही वेळा ‘महाराष्ट्र’ किंवा ‘योजना’ लिहिलेले असले आणि शेवट भलताच असला, तर आधार किंवा बँक खात्याचा क्रमांक तेथे भरू नये. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी, कारण पहिल्या काही तासांत रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक असते.

चित्र, चित्रफीत आणि ओळखीचा चेहरा

दर दिवाळीला ‘नासाने अवकाशातून टिपलेला दिवाळीच्या रात्रीचा भारत’ म्हणून निळ्या-हिरव्या-तांबड्या दिव्यांचा नकाशा येतो. ते चित्र कोणी बनावट तयार केलेले नाही, आणि म्हणूनच ते शिकण्यासारखे आहे. अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान व महासागरविषयक संस्थेतील शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी २००३ मध्ये उपग्रहांच्या नोंदी एकत्र करून ते तयार केले. १९९२ पूर्वीचे दिवे पांढरे, १९९२ चे निळे, १९९८ चे हिरवे आणि २००३ चे तांबडे दाखवून लोकसंख्येची वाढ दाखवणे हा त्याचा हेतू होता. नासाने नंतर १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्रीचे खरे छायाचित्र प्रसिद्ध केले आणि दिवाळीचा जास्तीचा उजेड अवकाशातून बहुधा कळूनही येणार नाही इतका थोडा असतो, हे सांगितले. चित्र खरे असते आणि त्याखालची ओळ खोटी असते, ही अफवांची सर्वांत नेहमीची घडण आहे.

म्हणून चित्राबद्दल ‘हे खरे आहे का’ एवढेच न विचारता ‘हे पहिल्यांदा कोठे आणि केव्हा दिसले’ हा प्रश्न विचारावा. छायाचित्र फोनमध्ये साठवून गूगल लेन्समध्ये उघडावे, त्यावर लिहिलेला मजकूर चौकटीबाहेर राहील अशा बेताने महत्त्वाचा भाग निवडावा आणि मिळालेल्या निकालांतील सर्वांत जुने पान शोधावे. चित्रफीत असेल तर तीन-चार वेगवेगळ्या जागी थांबवून पडद्याची चित्रे घ्यावीत आणि प्रत्येकाचा तसाच शोध घ्यावा. दुकानांच्या पाट्यांची लिपी, वाहनांचे क्रमांक, पोलिसांचा गणवेश, रस्त्याची बाजू यांवरूनही जागा उघड होते. ‘काल पुण्यात घडले’ म्हणून आलेल्या फितीत पाट्या भलत्याच लिपीत असतील, तर पुढच्या शोधाचीही गरज उरत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या फितींसाठी ओठांची हालचाल किंवा डोळ्यांची उघडझाप पाहण्याचा सल्ला दिला जातो. मी त्यावर विसंबू नये असे म्हणेन, कारण ही साधने झपाट्याने सुधारत आहेत आणि आज दिसणारी चूक उद्या दिसणार नाही. त्याऐवजी बोलणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यावर ते विधान आहे का हे पाहावे. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची शिफारस करत असल्याची फीत फिरली, तेव्हा त्यांनी स्वतः आपल्या एक्स खात्यावरून ती खोटी असल्याचे सांगितले. मोठा माणूस खरोखरच एखादी जाहिरात करतो तेव्हा ती त्याच्या खात्यावर, वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर दिसते. ती केवळ गटातच दिसत असेल तर शंका घ्यायला ते कारण पुरेसे आहे.

एवढे करूनही उत्तर मिळाले नाही, तर पडताळणी करणाऱ्या संस्थांकडे पाहावे. फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर यांची पाने मराठीतही आहेत, त्यामुळे घरातील ज्येष्ठांना थेट त्यांचाच दुवा देता येतो. केंद्र सरकारशी संबंधित दाव्यांसाठी पीआयबीचा, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचा, २०१९ मध्ये सुरू झालेला तथ्य पडताळणी विभाग आहे. ‘अमुक योजना अस्तित्वात नाही’ अशा खुलाशांसाठी तो उपयोगी आहे, परंतु तो सरकारचाच विभाग असल्याने सरकारवरील टीकेच्या बाबतीत त्याचे म्हणणे अंतिम निवाडा समजू नये, ती एका पक्षाची बाजू समजावी. सरकारविषयीच्या मजकुराची सत्यता सरकारच्याच पडताळणी कक्षाने ठरवावी, अशी तरतूद करणारी माहिती तंत्रज्ञान नियमांतील दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली, तो निकाल याच कारणाने वाचण्याजोगा आहे.

आपल्या माणसांना सांगताना

चारचौघांत ‘काका, हे फेक आहे’ असे लिहिले की विषय संदेशाचा न राहता काकांच्या मानाचा होतो. म्हणून आधी त्यांना एकट्याला लिहावे, आणि शक्य असेल तर फोनच करावा. लिहायचे झाल्यास खरी माहिती पहिल्या ओळीत द्यावी, कारण घाईत वाचणारा तेवढीच ओळ वाचतो, आणि चुकीचे चित्र पुन्हा जोडू नये. उदाहरणार्थ: ‘काका, दहाची सगळी नाणी चालतात, रिझर्व्ह बँकेचे पत्रक सोबत पाठवले आहे. सकाळच्या संदेशात ती बंद झाली असे होते, तेवढे गटात तुम्हीच सांगाल का? तुम्ही सांगितलेत तर सगळे ऐकतील.’ दुरुस्ती त्यांच्या हातून झाली की त्यांचा मान राहतो आणि गटातही ती लवकर पटते. आत्याने एखादा घरगुती उपाय काळजीपोटी पाठवला असेल, तर त्या काळजीची आधी दखल घ्यावी आणि मगच ‘तुमची रक्तदाबाची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका’ हे ठामपणे सांगावे. औषध बंद करायला लावणाऱ्या संदेशाच्या बाबतीत संकोच करू नये.

‘खरे-खोटे माहीत नाही, पण सावध असलेले बरे’ असे उत्तर हमखास येते. त्यावर त्या सावधगिरीची किंमत कोण मोजतो हे नाव-गाव सांगून दाखवावे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी, मुख्यतः मंगळवेढा तालुक्यातून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत असल्याचे संदेश त्याआधी त्या भागात फोनवरून पसरले होते. त्या वर्षी अशा संदेशांसोबत देशभर फिरलेली एक चित्रफीत तर कराचीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी बनवलेली होती, आणि तो हेतू सांगणारा तिचा शेवट कापून टाकलेला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच जणांना किंवा गटांनाच पाठवण्याची मर्यादा आणली; २०१९ पासून अनेक हातांतून आलेल्या संदेशावर दोन बाणांची खूण असते आणि २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ही खूण दिसली की पाठवणाऱ्यालाही मूळ ठाऊक नाही, असे खुशाल समजावे.

एखाद्या व्यक्तीचा, फिरस्त्यांचा किंवा समाजाचा फोटो टाकून ‘यांना पाहताच पकडा’ असे सांगणारा संदेश आला, तर वर सांगितलेली सावकाश तपासणी आणि एकांतातली समजूत या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवाव्यात. अशा वेळी गटातच, लगेच, सर्वांना दिसेल असे ‘हे कोणीही पुढे पाठवू नये, मी पोलिसांना कळवत आहे’ असे लिहावे आणि ११२ वर फोन करावा. ‘हे खोटे आहे’ असा शेरा जोडूनसुद्धा तो फोटो दुसऱ्या गटात टाकू नये, कारण शेरा गळून पडतो आणि चेहरा फिरत राहतो. संदेश कोणत्या गटात, किती वाजता आणि कोणाकडून आला याचे पडद्यावरचे चित्र घेऊन ठेवावे आणि पोलिसांनी मागितल्यास त्यांनाच द्यावे. गावात किंवा वस्तीत माणसे जमू लागली असतील तर सरपंच, पोलीस पाटील किंवा सोसायटीचे पदाधिकारी यांना त्याच क्षणी फोन करावा, आणि तपासणीचा निष्कर्ष हाती येईपर्यंत त्यासाठी थांबू नये.